पाचवे ‘का?’

“का?” मी विचारले.

“गळके पंप मामांनी पेटीत भरले म्हणून.”

“आणि मामांनी का भरले?”

“ते मामांस्नीच विचारा की, मॅडम,” विलास खोत म्हणाला आणि बशीतला उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला.

मी मार्करचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. कँटीनच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पांढऱ्या फळ्यावर मी एकाखाली एक पाच वेळा ‘का?’ असे लिहिले होते आणि प्रत्येकापुढे उत्तरासाठी जागा सोडली होती. मधे फोन आला म्हणून मी बाहेर गेले, तेवढ्यात पहिल्या जागेत वळणदार अक्षरांत कुणीतरी ‘दस्तगीर’ असे लिहून ठेवले होते.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच,” कोपऱ्यातल्या बाकावरून दस्तगीरमामा म्हणाले. “म्हटलं, तुमचा येळ तरी वाचंल.”

“मामा, इथं नाव लिहायचं नसतं. कारण लिहायचं असतं.”

“कारण मीच हाय की. माझ्या हातनं पेट्या भरल्या. आता आनी काय कारण पायजे?”

टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीने सभा संपली होती. मी ओले फडके घेतले आणि मामांचे नाव पुसून टाकले.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षे झाली. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ‘पद्मावर्त पंप्स’ हा कारखाना भूपाल मगदूम यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला होता. त्यांना सारे आप्पा म्हणत. आप्पांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर कारभार मुलाकडे, शीतलकडे आला. शीतलला कारखान्याचा कायापालट करायचा होता, आणि त्याची ती तळमळ खरी होती. त्याने संगणकाला जोडलेले टेस्ट बेंच आणले, जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले आणि गुणवत्ता विभाग उभा करण्यासाठी मला पुण्याहून बोलावले. मी शिकले होते ते सारे अगदी मनापासून खरे मानण्याचे माझे ते वय होते.

मी घालून दिलेला नियम कुणालाही समजावा इतका सोपा होता. तयार पंप बेंचवर चढवायचा आणि दाबाखाली पाण्यावर चालवायचा. गळला नाही, तर संगणक हिरवे स्टिकर छापतो. ते पंपाला चिकटवायचे. गळला, तर स्टिकर मिळत नाही. मग पंपावर लाल रंगाची फुली मारायची आणि तो जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचा. पॅकिंग विभाग दस्तगीरमामांकडे होता. हिरवे स्टिकर असेल तोच पंप त्यांनी पेटीत भरायचा.

अडचण एकच होती. त्या कारखान्यात लाल रंग आधीच कुणाच्या तरी मालकीचा होता. अगदी पहिल्या पंपापासून आप्पा पास झालेल्या पंपाला स्वतःच्या हाताने कुंकवाचा टिळा लावीत आले होते. ‘टिळा लागला’ म्हणजे पास. ही तिथली भाषाच झाली होती. कुणाचा मुलगा दहावी सुटला तरी टिळा लागला, कुणाची बदली रद्द झाली तरी टिळा लागला. मी लाल खूण नापासाची ठरवली, तेव्हा विलासने त्याच्या माणसांना समजावून सांगितले होते, “मॅडम म्हणत्यात, आजपास्नं रिजेकला टिळा लावायचा.” पोरे पोट धरून हसली. टिळा नव्हे, फुली. फुली म्हणजे फुली, असे मी घसा बसेपर्यंत सांगत राहिले. अखेर बेंचवरचा टिळा बंद झाला. निदान मी तसे समजत होते.

त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीची मोठी मागणी आली. ही कंपनी रुग्णालयांत पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसवीत असे. आमचा पहिला माल गेला आणि त्यातले काही पंप दवाखान्यात जोडल्याबरोबर गळू लागले. कंपनीने ते परत पाठवले आणि सोबत निरोप दिला. चूक का झाली याच्या मुळाशी जा, पाच वेळा ‘का’ विचारा आणि उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. नाहीतर व्यवहार थांबला असे समजा. त्यांना पद्धतशीर उत्तर हवे होते, आणि ते देता येण्याजोगी माणसे माझ्यासमोर चहा पीत बसली होती.

“बरं,” मी म्हणाले. “पुन्हा सुरुवात करू. गळके पंप पेटीत गेले. का? कारण त्यांच्यावर हिरवं स्टिकर होतं. बरोबर?”

“बरोबर.”

मी ते पहिल्या जागेत लिहिले. नावाशिवायचे एक वाक्य फळ्यावर आल्याचे पाहून मला जरा धीर आला.

“गळक्या पंपाला संगणकानं स्टिकर का दिलं?”

विलासने खिडकीबाहेर पाहिले. “दिलं खरं.”

“का दिलं?”

“संगणकाचं काय सांगायचं मॅडम. मशीन हाय.”

“विलास, मशीन स्वतःहून खोटं बोलत नाही.”

“मग दाब कमी झाला आसंल.”

“आपोआप?”

“आपोआप कसा हुईल? कमी केला.”

“कुणी?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि मी जीभ चावली. मीच ‘का’ सोडून ‘कुणी’ विचारले होते. विलासचा चेहरा उजळला, कारण हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता.

“मी केला,” तो म्हणाला. “दाब कमी करून परत लावलं, तवा पास म्हणालं. लिहा माझं नाव मामांच्या खाली.”

“मला नावं नकोत!” मी ओरडले. कँटीनमधला भांड्यांचा आवाज थांबला. “तू असं का केलंस? गेलं वर्षभर एकदाही केलं नाहीस. माल निघाला त्याच दिवशी का?”

त्या दिवशी मी नेमकी पुण्याला होते. त्याच कंपनीने मला त्यांच्या पद्धती समजावून द्यायला बोलावले होते. मी तिथे चांगल्या कारखान्याची लक्षणे टिपून घेत होते आणि इकडे माझ्या पाठीमागे हे घडले होते. काय घडले, ते या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त मला नाही, हे आता मला कळून चुकले होते.

तेवढ्यात शीतल आला. उभ्या उभ्याच त्याने फळा वाचला.

“झालं का, मॅडम?”

“नाही.”

“एवढं काय अवघड आहे? पॅकिंगची चूक आहे. मामांना कामावरून कमी करतोय, तसं पत्र तयार आहे. कंपनीला लिहा, कारवाई केली.”

मी मामांकडे पाहिले. त्यांनी खिशातली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि तिची कड ते बोटांनी सरळ करीत होते. आप्पांच्या पहिल्या शेडमध्ये ते झाडूकाम करायला आले होते, तेव्हापासून त्यांनी दुसरा कारखाना पाहिलेला नव्हता.

“मामांना घालवल्यावर पुढच्या वेळी पंप गळायचे थांबतील?” मी विचारले.

“निदान उत्तर तरी जाईल.”

“ते उत्तर नव्हे. आणि त्याच्याखाली माझी सही असणार आहे.”

“लिहा, मॅडम,” मामा शांतपणे म्हणाले. “मी न्हाई म्हणतोय व्हय? उगं ताणू नका.”

मला तिघांचाही सारखाच संताप आला. काढणाऱ्याचा आला, निमूटपणे जायला निघालेल्याचा आला आणि खिडकीबाहेर बघणाऱ्याचाही. मी बाहेर गेले, परत आलेल्या पंपांपैकी एक हातगाडीवर घालून ढकलत आणला आणि सर्वांच्या समोर टेबलावर आदळला. कपबशा नाचल्या.

खरे तर मी तो रागाच्या भरात आणला होता. त्यावर काय सापडेल याची मला कल्पना नव्हती. पण खिडकीतल्या उन्हात त्याच्या अंगावर एक फिकट जागा दिसली. फुली थिनरने घासून काढली होती. आणि तिच्या वर, बोल्टच्या खोबणीत, काहीतरी लाल उरले होते. मी बोट लावले. रंग बोटाला येत नाही, हे आले.

“हे कुंकू आहे,” मी म्हणाले.

फुली पुसायला त्यांना काही वाटले नव्हते. टिळा पुसायला मात्र कुणाचा हात धजावला नव्हता.

“आप्पांनी लावलं?”

“मॅडम,” शीतल म्हणाला, “ते राहू दे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

त्याने खुर्ची ओढली आणि तो पहिल्यांदाच खाली बसला. “करंडा माझ्याच हातात होता,” तो म्हणाला.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. तेही एकाच्या तोंडून नव्हे, तर तुकड्या-तुकड्यांनी. पहिला माल निघायचा म्हणून आप्पांच्या हातून पूजा ठेवली होती. त्यांच्या समाधानासाठी, एवढ्यापुरतीच. फोटोसाठी पंपांची ओळ लावली, ती तोकडी दिसू लागली. जाळीचा पिंजराही फोटोत बरा दिसेना. म्हणून पिंजरा मागे नेला आणि त्यातले पंप ओळ भरण्यापुरते पुढे मांडून त्यांच्या फुल्या हारांखाली झाकल्या. आप्पांनी दोन-चार पंपांना टिळा लावून थांबायचे, असे ठरले होते. पण आप्पा रंगात आले. ते ओळीच्या टोकापर्यंत गेले.

“आनी तुम्ही सगळे बघत राहिलात,” मी म्हणाले. त्यांच्या बोलण्याचे वळण माझ्या तोंडी कधी आले ते मलाच कळले नाही.

“मग काय करनार?” विलास म्हणाला. “मालकांनी टिळा लावला. त्यो पंप परत पिंजऱ्यात कोण घालनार? तुम्ही घातला असता?”

“हो.”

“तुम्ही पुण्याच्या.”

“आप्पांना सांगता आलं असतं की, हे पंप नापास आहेत.”

“त्यांना काही सांगायचं नाही,” शीतल म्हणाला. “डॉक्टरांनी बजावलंय. मॅडम, त्यांना अजून हेही माहीत नाही की टिळा बंद झालाय. ते सकाळी येतात, विलास त्यांच्यासमोर एक पंप ठेवतो, ते टिळा लावतात, घरी जातात. रोज तोच पंप. नंतर तो झाकून ठेवतात.”

मी मार्कर खाली ठेवला. गेले वर्षभर मी ज्या बदलाचे तक्ते काढून भिंतीवर लावत होते, तो सगळा बदल रोज सकाळी तेवढ्या वेळापुरता पडद्याआड सरकवला जात होता. आणि आप्पा घरी गेले की पुन्हा बाहेर काढला जात होता.

“म्हणजे त्यांना सांगायला नको म्हणून मामांना घालवायचं,” मी म्हणाले.

मामांनी टोपी डोक्यावर घातली. “शीतलवर आवाज चढवू नका, मॅडम. पोरगं बापासाठीच करतंय.”

आता मला खरोखर रडू येईल असे वाटले. ज्याची नोकरी जात होती, तोच घालवणाऱ्याची बाजू घेत होता.

नेमके त्याच वेळी दारात काठी वाजली. आप्पा दुपारच्या चहाला कँटीनमध्ये येत असत, हे मी विसरले होते. बाकीच्यांनाही भान राहिले नसावे. सगळे एकदम उभे राहिले. शीतल फळ्याच्या पुढे सरकला, पण तो अंगाने बारीक होता आणि फळा रुंद होता.

“का, का, का, का, का,” आप्पांनी मोठ्याने वाचले. “कुणाची हजेरी घेताय, बाई?”

“पंप परत आलेत, आप्पा.”

“मॅडम,” शीतल म्हणाला.

“का आले?” आप्पांनी विचारले.

शीतल माझ्याकडे बघत होता, विलास खिडकीकडे, मामा जमिनीकडे. मी आप्पांकडे पाहिले. रुंद हाडापेराचा देह, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि मधले बोट लाल. ते कधी धुऊन निघत नसावे. या माणसाला काही झाले तर, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण मामांच्या नावाचे पत्र टाइप होऊन तयार होते.

“आप्पा,” मी म्हणाले, “हे पंप नापास झाले होते. तुम्ही त्यांना टिळा का लावलात?”

आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्या कारखान्यात त्यांना ‘का?’ हा शब्द आजवर कुणी ऐकवला नसावा. तो आत कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसल्यासारखे दिसले.

“नापास हुते?” ते म्हणाले. मग वळले. “दस्तगीर, तुला ठावं हुतं?”

“व्हय, आप्पा.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमचा हात पुढं झाला हुता.”

“विलास?”

“आप्पा, मी कसा बोलनार.”

आप्पांनी मुलाचे नाव घेतले नाही. नुसते पाहिले. शीतलने मान खाली घातली आणि म्हणाला, “तुम्हाला त्रास होईल म्हणून.”

“आनी आता हुईना झालाय व्हय तरास?” आप्पा बाकावर टेकले. विलासने पाणी पुढे केले. ते त्यांनी बाजूला सारले. “घालवायचं कुणाला ठरलंय?”

मामा म्हणाले, “ठरलं न्हाई आजून.”

आप्पांनी मामांच्या डोक्यावरची टोपी पाहिली. मामा घरी जायला निघतानाच टोपी घालीत, हे त्यांना माझ्याआधी माहीत होते. ते उठले, फळ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी मार्कर दिला. पाचव्या ‘का?’ पुढच्या मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिले, ‘आप्पा’.

माझ्या संयमाची उरलीसुरली दोरी तिथे तुटली. “आप्पा, इथं नाव लिहायचं नसतं हो.”

“मग काय लिहायचं?”

“कारण.”

“तेच लिवलंय,” ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

मामांच्या नावाचे पत्र शीतलने माझ्यासमोर फाडले. कंपनीला मी जे उत्तर पाठवले, त्यात चार कारणे सभेत निघाली तशी होती. पाचव्या ठिकाणी बराच विचार करून मी लिहिले, ‘संस्थेच्या प्रमुखास चूक दाखवून देण्याची रीत नसणे.’ उपाय म्हणून काय लिहावे हे मला सुचेना. शेवटी ‘रीत पाडण्यात येत आहे’ एवढेच लिहिले. कंपनीने कळवले, पुढचा एक माल पाहू, मग ठरवू.

पुढचा माल निघायच्या दिवशी आप्पांनी पुन्हा पूजा ठेवायला सांगितली. शीतलने कपाळाला हात लावला. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे जे होते ते सभ्य नव्हते. ओळ लागली. ट्रक दारात उभा होता. भटजींनी मुहूर्त सांगितला होता आणि ते वारंवार घड्याळ पाहत होते. शीतल करंडा उघडून उभा राहिला. आप्पा एकेका पंपाला टिळा लावीत पुढे निघाले, आणि ओळीच्या मध्यावर मला एक पंप दिसला. ना त्याच्यावर स्टिकर होते, ना फुली. घाईत कुणीतरी बेंचवरून थेट ओळीत आणून ठेवला होता.

मी ओठ घट्ट मिटले. आज मी बोलले असते, तर उद्याही मलाच बोलावे लागले असते. आप्पांचे लाल बोट त्या पंपाच्या दिशेने गेले. विलासने वर छताकडे पाहिले. शीतलने माझ्याकडे पाहिले. बोट आणखी पुढे गेले.

“आप्पा,” दस्तगीरमामा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “त्यो न्हाई.”

बोट थांबले. हॉलमध्ये मागे कुठेतरी पाणी ठिबकत होते, तेवढेच ऐकू येत होते.

“का?” आप्पांनी विचारले.

मामांनी माझ्याकडे पाहिले, मग विलासकडे, आणि कुणाचेही नाव न घेता म्हणाले, “सील बसलं न्हाई. खालनं वल धरतोय.”

“का बसलं न्हाई?”

“रबर कडक आलंय औंदाचं,” विलास पुढे होऊन म्हणाला. छतावरची त्याची नजर कधी खाली आली ते कळले नाही.

“का कडक आलंय?”

“गोदामात उन्हाच्या भिंतीला ठेवलंय ते.”

“आनी तिथं का ठेवलंय?”

भटजींनी घसा खाकरला. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. आप्पा, मामा आणि विलास त्या पंपाभोवती उकिडवे बसले होते, आणि आप्पांचे ते बोट आता गोदामाच्या दिशेने रोखलेले होते. शीतलच्या हातात करंडा उघडाच होता.

मुहूर्त टळून गेला.